मधुमेहाचे पथ्य कोकणात कुठे फसते: या चुका टाळा

चहातली साखर बंद केली आणि गणपतीत पानावर वाढलेला मोदक बाजूला सारला, म्हणजे आपले पथ्य चोख आहे, असे मानणारे मधुमेही रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी भेटतात. एवढे करूनही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सातच्या खाली येत नाही, तेव्हा औषधाला दोष दिला जातो. बहुतेक प्रौढांसाठी सात टक्क्यांच्या आतले प्रमाण योग्य मानतात; फार वय झालेल्यांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात.

औषधावर शंका घेण्याआधी दिवसभराचे तांदूळ मोजावेत. सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी भात, संध्याकाळी पोहे आणि रात्री पुन्हा भात, असे चार वेळा चार नावांनी तांदूळच पोटात जातो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे पचल्यावर रक्तात साखर होऊन उतरणारे घटक, असतात, तर चहाच्या चमचाभर साखरेत जेमतेम पाच. चहा कोरा करून शिगोशीग ताटभर भात जेवणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. उकड्या तांदळाने साखर जरा सावकाश चढते हे खरे असले, तरी त्यातली कर्बोदके जवळपास तेवढीच असतात. शिवाय पेजेसाठी तो जितका मऊ शिजवावा, तितका लवकर पचतो.

पुढची चूक रुग्णाची नसतेच. ज्या घरात पोळी आठवड्यातून एखाद्या वेळी होते, त्या घराला ‘दोन फुलके, एक वाटी सॅलड’ असा आहारतक्ता मिळतो. तो भिंतीवर लागतो आणि स्वयंपाक मात्र पूर्वीसारखाच चालतो. अशा वेळी आपल्या चुलीवर रोज काय शिजते ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना सांगून त्यातूनच तक्ता करून मागावा. पातेल्यातला भात डावाने थेट ताटात घेऊ नये. आमटीच्या वाटीने एकच मूद पाडावी, शेजारी बांगड्याचे कालवण किंवा कुळथाची पिठी घ्यावी आणि अर्धे ताट भाजीसाठी मोकळे ठेवावे. आधी भाजी व मासळी खाऊन मग भाताला हात घातला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. मासे मात्र रोज तळलेले नकोत, आणि रक्तदाब असल्यास खारवलेली मासळी टाळावी.

नाचणीबद्दल आपल्याकडे अंमळ जास्तच भाबडेपणा आहे. तिच्यात तंतू आणि कॅल्शियम भरपूर असले, तरी पिठातली कर्बोदके तांदळाहून फार कमी नाहीत. म्हणून तिची भाकरी भाताऐवजी खावी, भाताआधी नव्हे, आणि गूळ घातलेले सत्त्व तर नकोच.

एप्रिल-मे महिन्यांत हापूस पूर्ण वर्ज्य करणारे पुढे एका बैठकीत तीन-चार संपवतात, असा अनुभव आहे. मध्यम आकाराच्या फळात सुमारे वीस ग्रॅम साखर असते. तेव्हा साखर आटोक्यात असलेल्याने भात कमी करून अर्धे फळ चावून खावे. आमरस, आंब्याचे साठ, फणसपोळी आणि बाटलीतले गोड कोकम सरबत यांना मात्र नकार द्यावा. बिनसाखरेची सोलकढी चालते.

तपासणीपूर्वी चार दिवस कडक पथ्य पाळण्यात काहीच अर्थ नाही, कारण एचबीए१सी मागच्या महिन्यांचे खाणे उघड करतेच.

संकष्टीला किंवा सोमवारी दिवसभर उपाशी राहून ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी अथवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेणे ही सर्वांत धोकादायक चूक होय, कारण त्याने रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, घाबरेपणा जाणवल्यास लगेच साखर तपासावी. ती ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि त्यानंतर जेवून घ्यावे. यंत्र जवळ नसेल, तर तपासणीसाठी न थांबता साखर घ्यावी. ज्यांना उपवास करणे थांबवायचे नसेल, त्यांनी उपवासाच्या आधीच्या भेटीतच डॉक्टरांना मात्रा विचारून घ्यावी.

मोजून जेवूनही पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर वारंवार १८०च्या वर जात असेल, तर स्वतःहून आणखी उपाशी राहू नये. आठवडाभर काय खाल्ले आणि आकडा किती आला, हे वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी; गोळी बदलायची की मात्रा वाढवायची, हे त्या नोंदींवरून त्यांनाच ठरवू द्यावे.