उसाचे पाचट न जाळता खोडव्यात कसे ठेवावे

सांगली-साताऱ्याकडे ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी शिवारातून धूर उठू लागतो. रान मोकळे दिसावे आणि पाणी पाजणे सोपे जावे, एवढ्यासाठी आपण पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांना, काडी लावतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्याच्या प्रत्येक टनात सुमारे ४ ते ५ किलो नत्र असते. जाळल्यावर हे नत्र हवेत जाते, सेंद्रिय कर्ब संपतो, वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळे होरपळतात, बांधावरचे लिंब करपते आणि धुराचे सूक्ष्म कण गावातल्या लहान मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीत उतरतात.

कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या रानांत याचा आणखी एक तोटा आहे. वर्षानुवर्षे उसाला वारेमाप पाणी दिल्याने अनेक ठिकाणी भूजल वर आले, त्याबरोबर क्षार चढले, पाणी उन्हाने उडाले आणि क्षार मागे राहून जमिनी क्षारपड झाल्या. पाचटाने झाकलेल्या जमिनीतून पाणी कमी उडते, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या कमी लागतात आणि क्षार वर येण्याचा वेगही मंदावतो. मात्र ज्या रानात पाणी साचून राहते, तिथे आधी चर काढून निचरा करावा. पाणी साचलेल्या रानात पाचट दाबून ठेवल्यास खोडव्याचे, म्हणजे तोडीनंतर त्याच मुळांवर पुन्हा येणाऱ्या उसाचे, कोंब कुजतात.

तोड संपताच, रान अजून ओलसर असतानाच, पाचट सरीत ओढून सारखे पसरावे आणि बुडखे (तोडीनंतर जमिनीत राहिलेले उसाचे बुंधे) उघडे ठेवावेत, म्हणजे कोंबांना ऊन मिळते. बुडखे उंच राहिले असतील तर धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून, म्हणजे पेरावरच्या अंकुरांतून, फुटलेले कोंब कमकुवत राहतात, तर जमिनीतल्या डोळ्यांतून आलेले जोमदार वाढतात.

नंतर पाचटावर दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकावे. एकरी ४ टन पाचट धरल्यास हे प्रमाण अनुक्रमे ३२, ४० आणि ४ किलो होते. संवर्धक शेणखतात मिसळून फेकल्यास सारखे पडते. युरिया वगळू नये, कारण पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते आणि ते कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात; खोडवा पिवळा पडला की लोक दोष पाचटाला देतात. यानंतर पाणी द्यावे. पहिल्या पाळीला पाणी सरीतून सावकाश सरकते, तेव्हा घाई न करता ते शेवटच्या टोकापर्यंत जाऊ द्यावे. एकदा पाचट जमिनीला चिकटले की पुढच्या पाळ्या सुरळीत जातात.

फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उसावर काम करते आहे. खोडव्याला मुख्य खते पहारीने भोके घेऊन बेटाजवळ (एका बुडख्यातून फुटलेल्या उसांच्या झुबक्याजवळ) द्यावीत, ही तिथली शिफारस पाचट ठेवलेल्या रानाला नेमकी लागू पडते. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर तेवढेच खोल भोक घेऊन खताचा पहिला हप्ता तोडीनंतर पंधरवड्यात आणि दुसरा सुमारे १३५ दिवसांनी द्यावा. पाचटाखाली तण फारसे उगवत नाही, म्हणून खुरपणीचा खर्चही बराच वाचतो.

शेजारच्या फडातली आग आपल्या पाचटात शिरू नये, यासाठी बांधालगतची दोन हात रुंद पट्टी झाडून मोकळी करावी आणि शेजाऱ्याला तोडीआधीच सांगून ठेवावे. आमच्या रानात एकदा वाऱ्याने ठिणगी आली आणि तासाभरात सरी काळी पडली. तेव्हापासून ही पट्टी आम्ही पाचट पसरण्याआधी काढतो.