जोडीदार घरी आला की आधी गोळ्या तपासा

हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकनंतर जोडीदाराला घरी आणलंत की त्याच दिवशी घरातल्या जुन्या गोळ्या काढा आणि डिस्चार्ज कार्डवरच्या यादीशी ताडून पाहा. ब्रँडची नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच असू शकतं. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी अशी नकळत दुप्पट जाते, आणि हे खरंच धोक्याचं आहे. म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. शंका आली तर मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

जमत असेल तर रोजच्या गोळ्यांची डबी जोडीदारालाच भरू द्या. तुम्ही शेजारी बसून फक्त तपासा. आजारपणात आधीच बरंच काही हातातून गेलेलं असतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तेही डॉक्टरांना सांगा.