हेडलाइटचा बल्ब वारंवार जात असेल तर

हेडलाइटचा हॅलोजन बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी जात असेल, तर नवा घेण्यापूर्वी पाच मिनिटे मल्टिमीटरसाठी (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) काढावीत.

१. इंजिन चालू ठेवून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून बॅटरीच्या दोन टोकांवरील व्होल्टेज मोजावे. ते साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे. १५ च्या पुढे जात असेल तर दोष बल्बचा नसून अल्टरनेटरच्या (इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचा आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत कितीही महागडा बल्ब टिकणार नाही.

२. बल्बचा होल्डर काढून पाहावा. प्लास्टिक करपलेले किंवा पिना सैल असतील तर होल्डरही बदलावा. दिव्याच्या आत ओल दिसल्यास मागचे रबरी झाकण तपासावे.

३. जुन्या बल्बवरील प्रकार (एच-४, एच-७ इत्यादी) आणि वॅट पाहून तोच घ्यावा. एच-४ साठी ६०/५५ वॅट (लांबचा झोत/जवळचा झोत) हे प्रमाण आहे. ‘जादा उजेड’ असे लिहिलेले बल्ब वॅट तेवढेच ठेवूनही तार अधिक तापवतात, म्हणून लवकर जातात. दुकानदार नेमके तेच पुढे करतो, तेव्हा ‘लाँग लाइफ’ प्रकार मागून घ्यावा.

४. बल्बच्या काचेला बोट लावू नये. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून, वाळवून मगच बल्ब बसवावा.

१००/९० वॅटचा बल्ब मूळ वायरिंगवर कधीही लावू नये, कारण त्याने होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळेही दिपतात.