आरंभशूरांसाठी: मोठेपणी नवी भाषा किंवा नवा छंद कसा शिकावा

माझ्या कपाटात तीन भाषांची पहिली पुस्तकं आहेत. तिन्हींची पहिली वीस पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, पुढची कोरी करकरीत. कोपऱ्यात गिटार होती, तिच्या पिशवीची चेन गंजून अडकली होती. मराठीत अशा माणसाला आरंभशूर म्हणतात आणि हा लेख त्याच जातीच्या माणसाने लिहिलेला आहे. पंचेचाळिशीत मात्र जपानी आणि गिटार ही दोन्ही माझ्याकडे टिकली. डोकं अचानक तल्लख झालं असं काही नाही, आधी जे करत होतो त्यातलं बरंचसं सोडून दिलं. ते क्रमाने सांगतो.

१. आधी वयाचा हिशेब मिटवा

वयाचं कारण अगदीच खोटं नाही. २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे पावणेसात लाख लोकांनी इंटरनेटवर इंग्रजी व्याकरणाची चाचणी दिली होती. व्याकरण सहज उचलण्याची क्षमता साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे चाळिशीत सुरुवात करून तिथलेच असल्यासारखं बोलू, ही आशा सोडलेली बरी.

पण सुरुवातीच्या टप्प्यात मोठी माणसं मुलांच्या मागे नसतात. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचा १९७८ सालचा अभ्यास आहे. पहिल्या काही महिन्यांत डच भाषेत किशोरवयीन मुलं आणि प्रौढ पुढे होते, तीन ते पाच वर्षांची पोरं मागे. मोठ्यांना नियम सांगितला की कळतो, वर एक भाषा हाताशी असते. हातांचंही तसंच. २००४ साली तरुणांना तीन महिने तीन चेंडू झेलत फिरवायला शिकवलं, तर मेंदूतला हालचाल टिपणारा भाग वाढलेला दिसला आणि सराव थांबल्यावर तो पुन्हा कमी झाला. पुढे साठीच्या आसपासच्या लोकांवर हाच प्रयोग केला. त्यांचे हात तरुणांइतके चालले नाहीत, पण मेंदूत बदल झालाच.

मग मोठी माणसं सोडून का देतात? माझं मत असं, की आपली जाण पुढे असते आणि हात मागे. तीस वर्षं चांगलं संगीत ऐकलेल्या कानाला स्वतःचा बेसूर वाजवलेला तुकडा सहन होत नाही. आठ वर्षांच्या मुलाला तो बेसूर आहे हेच कळत नाही, ते खुशाल वाजवत बसतं. दिवसभर लोक ज्याचा सल्ला घेतात, त्याला संध्याकाळी ‘हे काय आहे?’ एवढं वाक्य धड विचारता येत नाही. ही लाज फार चिवट असते. तिच्यावर एकच इलाज मला सापडला: पहिले तीन महिने आपण वाईटच असणार हे आधीच ठरवून टाकायचं, आणि तेवढे दिवस कोणाला काही करून दाखवायचं नाही.

२. काय करता यायला हवं, ते एका वाक्यात लिहा

‘जपानी शिकायचंय’ किंवा ‘चित्रकला शिकायचीय’ ही इच्छा झाली. तिला तळ नसतो, त्यामुळे कितीही शिकलं तरी काहीच झालं नाही असं वाटत राहतं. त्याऐवजी ‘समोरच्या खुर्चीचं चित्र अर्ध्या तासात, ओळखू येईल असं काढता आलं पाहिजे’ असं लिहा. किंवा ‘अनोळखी माणसाशी पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलता आलं पाहिजे.’

भाषेच्या बाबतीत तासांचा अंदाज असलेला बरा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांसाठी तिथे साधारण ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरतात, तर जपानी, चिनी, अरबीसाठी सुमारे २२०० तास. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आणि कचेरीचं काम चालवण्याइतक्या तयारीचे आहेत. रोज अर्धा तास दिला तर वर्षाला जेमतेम १८० तास होतात. म्हणून ‘सहा महिन्यांत अस्खलित’ म्हणणाऱ्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा आणि युरोपातली पातळ्यांची शिडी वापरा. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा तिच्या सहा पायऱ्या आहेत. ए१ म्हणजे ओळख करून देणं, समोरचा सावकाश बोलला तर साधे प्रश्न समजणं. पहिल्या वर्षाला एवढं पुष्कळ झालं.

३. वेळ छोटी ठेवा, जागा पक्की ठेवा

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. ती घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: आंघोळ झाली की, किंवा रात्री दिवा मालवायच्या आधी. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. एखादा दिवस चुकला तर सवयीचं काही बिघडत नाही. मी मात्र आयुष्यभर एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायचो.

आणि गिटार पिशवीतून बाहेर काढून ठेवा. पिशवीची चेन उघडण्याचा आळस किती मोठा असतो हे पिशवी फेकून दिल्यावर कळलं.

४. भाषा असेल तर आधी कान आणि जीभ

पहिले दोन आठवडे शब्दांच्या मागे लागू नका. त्या भाषेत आपल्याकडे नसलेले ध्वनी कोणते, एवढंच शोधा. मराठी माणसाजवळ इथे बरंच भांडवल आहे. जपानी ‘त्सुनामी’तला पहिला ध्वनी किंवा जर्मन ‘त्साइट’मधला, हे म्हणायला इंग्रजी भाषकाची तारांबळ उडते. आपल्याकडे तो ‘चुना’ आणि ‘चमचा’ या शब्दांत जवळजवळ तयार आहे. जे नाही ते मात्र मुद्दाम कमवावं लागतं. जर्मन आणि फ्रेंचमध्ये ‘ई’ आणि ‘ऊ’च्या मधला एक स्वर आहे. तोंडाने ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता फक्त ओठांचा चंबू करा, तो आपोआप येतो. आरशासमोर करा, दार लावून.

लिपी वेगळी असेल तर ती लगेच शिका. परके शब्द देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह होतो (या लेखात मी तेच करतोय, तुमच्या सोयीसाठी), पण त्याने उच्चार कायमचा आपल्या वळणाचा होऊन बसतो. जपानी हिरागाना लिपीत मुळाक्षरं ४६ आहेत, रोज चार-पाच घेतली तर दोन आठवड्यांचं काम.

मातृभाषेचा आधार घ्यायलाही लाजू नका. ‘वाताशी वा होन ओ योमिमास’ हे वाक्य मी–पुस्तक–वाचतो याच क्रमाने जातं, शब्दांमागे प्रत्यय लागल्यासारखे येतात, आणि ‘वाताशी नो होन’मधला ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत यावर चार पानं खर्ची पडतात. आपण ती उलटून पुढे जावं.

५. वाचू नका, आठवा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो मिटला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. आपण सगळे फसतो ते त्या पाच मिनिटांना. पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला आलं असं वाटतं.

म्हणून कार्डं करा, कागदाची किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये. पुढच्या बाजूला मराठी, मागे नवी भाषा, आणि सुटा शब्द न लिहिता छोटं वाक्य. माझं उदाहरण देतो. जपानीत विसरणे म्हणजे ‘वासुरेरु’. आपल्या ‘विसरणे’शी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग, पण ते एका दमात डोक्यात बसलं. लक्षात ठेवणे म्हणजे ‘ओबोएरु’. हे तेवढं मी सात वेळा विसरलो. शेवटी कार्डावर ‘नाव आठवतंय का?’ असं लिहिलं आणि मागे ‘नामाए ओ ओबोएते इमास का’. नाव आणि नामाए जोडीने आले आणि ओबोएरु त्यांच्या मागोमाग. सुट्या शब्दाला धरायला काहीच नसतं, वाक्याला चार मुठी असतात.

कार्डांसाठी पाच कप्प्यांची पेटी करा. सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे आणली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. चुकलं की कार्ड कुठल्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात परत. उत्तर लगेच आलं नाही तरी पाच-दहा सेकंद डोकं खाजवा, मगच उलटा. त्या खाजवण्यातच शिकणं होतं.

रोज सहा ते आठच नवी कार्डं घ्या. पहिल्या आठवड्याच्या जोशात मी दिवसाला तीस घेतली होती आणि तिसऱ्या आठवड्यात रोजची उजळणी दोनशेवर गेली. पेटीकडे बघायलाही नको वाटायचं. तसं झालं तर नवी कार्डं पूर्ण बंद करा आणि साचलेलं हळूहळू उपसा.

६. तोंड उघडा

महिन्याभरात. तयारी पूर्ण झाल्यावर बोलू म्हणणाऱ्याची तयारी कधीच पूर्ण होत नाही. शिक्षक किंवा सोबती मिळाला तर पहिल्याच दिवशी सांगा: ‘माझं वाक्य संपू द्या, मग चूक सांगा, आणि एका वेळी एकच.’ दर शब्दाला टोकणारा भला माणूस आपली बोलती कायमची बंद करू शकतो. कोणीच नसेल तर रोज रात्री दिवसाबद्दल तीन वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करा. जिथे गाडी अडली, तोच शब्द उद्याच्या कार्डावर.

७. छंद हाताचा असेल तर जिथे अडतं तेवढंच

गाणं सुरुवातीपासून वाजवायचं, अडलं की परत सुरुवातीपासून. सगळे असंच करतात. परिणामी पहिल्या दोन ओळी शंभर वेळा होतात आणि अडलेली जागा तशीच राहते.

माझी जागा होती गिटारवर सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गट) जी कॉर्डवर जाण्याची, आणि परत. मी गाणं बाजूला ठेवलं आणि साठ सेकंदांचा गजर लावून फक्त सी–जी–सी–जी एवढंच केलं. पहिल्या दिवशी मिनिटाला अकरा बदल. मग हाताकडे नीट पाहिलं. सीवर परत येताना मी आधी तर्जनी टेकवत होतो, कारण ती जवळ असते. मग अनामिका पाचव्या तारेचा तिसरा पडदा शोधत हवेत तरंगायची. क्रम उलटा केला: लांब जाणारं बोट आधी, बाकीची त्याच्या मागे. आठवड्यात अकराचे अठ्ठावीस झाले. सराव वाढवला नव्हता, फक्त कुठलं बोट उशीर करतंय ते शोधलं होतं.

चित्र, विणकाम, पोहणं, कशातही हेच करता येतं. अडणारा तुकडा कापून वेगळा काढा, तो इतका सावकाश करा की चूक होणारच नाही, मग वेग वाढवा. बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखतात, मग कातडी घट्ट होते. मनगट किंवा खांदा दुखत असेल तर मात्र ते चालवून घेऊ नका, तिथे बसण्या-धरण्यात चूक आहे. म्हणूनच अंगाने करायच्या छंदाला पहिले दोन-तीन महिने शिक्षक असावा. चुकीची सवय पाडायला महिना लागतो, मोडायला वर्ष.

८. सामान

शक्यतो उसनं घ्या. महागडं सामान घेतल्याने शिस्त येत नाही. पण अगदी टाकाऊही नको. तारा पट्टीपासून फार उंच असलेल्या गिटारवर कसलेला वादकही कण्हतो, नवशिका स्वतःला दोष देत बसतो. जाणकाराला एकदा दाखवून घ्या.

एका वेळी एक भाषा आणि एक हाताचा छंद चालतो. स्पॅनिश आणि इटालियनसारख्या सख्ख्या बहिणी मात्र एकदम सुरू करू नका, शब्दांची खिचडी होते.

९. खंड पडल्यावर

तो पडणार. आजारपण, काम, घरातलं काहीतरी. दोन महिन्यांनी पेटी उघडली की सगळं पुसलं गेल्यासारखं वाटतं आणि आरंभशूर तिथेच नव्या पुस्तकाकडे वळतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. बरंचसं पहिल्या दिवसातच जातं, हा त्यातला भाग सर्वांना माहीत असतो. पण तो जे मोजत होता ते वेगळंच होतं: तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो. आठवत नसलेली यादीही दुसऱ्या खेपेला लवकर पाठ व्हायची.

तेव्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. पेटीतली सगळी कार्डं बाहेर काढा. आता नकोशी वाटतात ती, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, सरळ फेकून द्या. उरलेली पहिल्या कप्प्यात घाला आणि दिवसाला वीसच बघा. नवं कार्ड दोन आठवडे एकही नाही. गिटारच्या जुन्या तारा बदला, सूर लावा आणि साठ सेकंदांचा गजर लावा. मागच्या महिन्यात खंडानंतर बसलो तेव्हा माझे सतरा बदल झाले. चौथ्या दिवशी सव्वीस.