रेझर कोणत्या धातूचा आहे ते घरीच ओळखा, आणि मग तो टिकवा

दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरच्या खोक्यावर ‘हेवी मेटल’, ‘प्रीमियम अलॉय’ असं काहीही छापलेलं असतं. त्यावरून धातू कळत नाही, आणि रेझर पाच वर्षं चालणार की पन्नास, हे तर धातूवरच ठरतं. वर चकाकणारा क्रोम सगळ्यांचा सारखाच दिसतो. प्रश्न त्याच्या पोटात काय आहे याचा आहे.

रेझरचे भाग सुटे करा. ब्लेड बाजूला ठेवा. साबणाचा थर जुन्या टूथब्रशने काढून भाग पूर्ण कोरडे करा. इथून पुढे प्रत्येक भाग वेगळा तपासायचा, कारण टोपी (ब्लेडवर बसणारा वरचा भाग) एका धातूची आणि मूठ दुसऱ्या धातूची असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आधी डोळ्यांनी पाहा. मुठीच्या आतल्या आट्यांवर मुलामा नीट बसत नाही, म्हणून तिथे मूळ रंग दिसतो: पिवळा असेल तर पितळ, राखाडी असेल तर जस्ताचा मिश्रधातू किंवा पोलाद. टोपीच्या खालच्या बाजूला साच्याची बारीक रेघ दिसली तर भाग ओतीव आहे. इथे एक फसवी खूण सांभाळा. झिजलेल्या क्रोमखाली गुलाबी-तांबूस ठिपका दिसला की लोक “आत पितळ आहे” म्हणून खूश होतात. जस्ताच्या ओतीव भागावर निकेल चढवण्याआधी तांब्याचा पातळ थर द्यावाच लागतो. तो तांबूस रंग त्या थराचा असतो. पितळ पिवळं असतं, तांबूस नाही.

चुंबकाचा सल्ला सोडून द्या. “चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टेनलेस” हे साफ चूक आहे. झमॅक (हाच तो जस्ताचा मिश्रधातू), पितळ, ॲल्युमिनियम, टायटेनियम यांपैकी कशालाच चुंबक चिकटत नाही. 304 आणि 316 जातीच्या स्टेनलेसलाही जवळजवळ नाही. उलट मुलाम्यातलं निकेल जोरदार चुंबकाला किंचित ओढतं, आणि स्टेनलेसच्या काही जाती चांगल्याच चिकटतात. “जड म्हणजे मजबूत” हेही तसंच. जाड झमॅक हातात पातळ पितळेपेक्षा जड लागतो.

खात्रीचा मार्ग एकच: घनता मोजणं. सोन्याचा कस तपासताना हेच तत्त्व वापरतात. काम पाच मिनिटांचं आहे, पण बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. तो नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे जा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही. कोरड्या टोपीचं वजन घेऊन लिहून ठेवा. मग हलक्या प्लास्टिकच्या ग्लासात टोपी पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब घाला, ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा. काट्याची क्षमता 200 ग्रॅम असेल तर ग्लास आणि पाणी त्यातच बसलं पाहिजे. शून्य केल्याने क्षमता वाढत नाही. टोपीला बारीक धागा बांधा, धागा पेन्सिलीला बांधा, आणि पेन्सिल काट्याच्या दोन्ही बाजूंना रचलेल्या पुस्तकांवर आडवी टेकवा. टोपी पाण्यात पूर्ण बुडालेली, पण तळाला आणि कडांना न लागता लटकलेली हवी. आता काट्यावर जो आकडा येईल तो टोपीचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा.

समजा टोपी 22.40 ग्रॅम आहे आणि बुडवल्यावर आकडा 3.36 आला. भागाकार 6.67. हा झमॅक. त्याच साच्यातली पितळी टोपी साधारण 28.5 ग्रॅम भरली असती. ॲल्युमिनियम 2.7 च्या आसपास, टायटेनियम 4.4 ते 4.5, झमॅक 6.6 ते 6.8, स्टेनलेस 7.7 ते 8.0, पितळ 8.4 ते 8.6. ओतकामात आत सूक्ष्म पोकळ्या राहिल्या असतील तर झमॅक 6.5 पर्यंतही उतरतो. मुलामा इतका पातळ असतो की त्याचा हिशेबावर परिणाम होत नाही.

पहिली चूक हाताने धागा धरण्याची. हात थरथरतो, आकडा नाचतो, आणि माणूस मनाला आवडेल तो आकडा लिहितो. पेन्सिल टेकवाच.

दुसरी चूक बुडबुड्यांची. टोपीची खालची बाजू खोलगट असते आणि आट्यांमध्ये हवा अडकते. मिऱ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा साधारण 0.06 घनसेंटिमीटरचा असतो. 22.40 ग्रॅमच्या पितळी टोपीचा आकडा 2.64 यायला हवा, भागाकार 8.48. एवढा एक बुडबुडा अडकला की आकडा 2.70 होतो, भागाकार 8.30, आणि पितळ की स्टेनलेस हा घोळ सुरू. टोपी पाण्यात तिरकी करून हलवा, आट्यांवरून ब्रश फिरवा. साबणाचा थेंब त्यासाठीच आहे, फेस होईल इतका मात्र घालू नका.

तिसरी चूक सरासरी काढण्याची. तीनदा मोजा, पण सरासरी काढू नका. बुडबुडा अडकला, टोपी तळाला टेकली, तरी आकडा वाढतोच. म्हणजे चुका बहुतेक एकाच बाजूला पडतात. टोपी पूर्ण बुडाली आहे याची खात्री करा आणि तिन्हींतला सर्वांत लहान आकडा धरा.

चौथी चूक सर्वांत महाग पडते: मुठीवरून निकाल देणं. पुष्कळ मुठी आतून पोकळ असतात. आत बंद हवा असेल तर अस्सल पितळी मूठही 6 च्या घरात घनता दाखवते, आणि चांगला रेझर झमॅक म्हणून बाद होतो. पोकळीला तोंड असेल तर ते वर ठेवून मूठ बुडवा, हवा पूर्ण निघू द्या. दोन्ही टोकं बंद असतील तर तो आकडा विसरा आणि आटे पाहा. निकाल नेहमी टोपीवरून द्यावा: ती भरीव असते, आणि रेझर मोडतो तोही तिथेच. वरची झाकणं फुलपाखरासारखी उघडणाऱ्या एकसंध रेझरला ही पद्धत लागू नाही. तो खोलत बसू नका, झिजलेल्या जागी रंग पाहा.

आता टिकाऊपणा.

झमॅक म्हणजे जस्तात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि जातीनुसार तांबं. साधारण 385 अंशांना वितळतो, पोलादी साच्यात दाबून ओतता येतो, म्हणून स्वस्त पडतो. तो टाकाऊ धातू नाही. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या मर्कुर कंपनीच्या 34सी रेझरचं डोकं झमॅकचंच आहे आणि लोक ते वर्षानुवर्षं वापरतात. पण त्याचं आयुष्य मुलाम्याएवढंच. क्रोमला छेद गेला की खालचं जस्त पाण्याने पांढरं पिठूळ होतं, मुलामा फोडासारखा फुगतो, आणि फुगलेला मुलामा परत बसत नाही. दुसरी दुखरी जागा टोपीचा आट्यांचा खिळा. तो टोपीबरोबरच ओतलेला असेल तर रेझर फरशीवर पडल्यावर किंवा मूठ जोर लावून आवळल्यावर मुळाशी कट्कन तुटतो. बोटांच्या टोकांनी मूठ फिरेनाशी झाली की थांबा. ब्लेड 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं. ते धरायला मनगटाचा जोर लागत नाही.

पितळ मध्यम किमतीत सर्वांत समजूतदार निवड आहे, आणि एकच रेझर घ्यायचा असेल तर पितळीच घ्यावा. जिलेटच्या पेटंटला 1904 साली मान्यता मिळाली, आणि पुढच्या दशकांतले पितळी जिलेट आजही दाढी करतात. मुलामा गेला तरी खालचं पितळ कळकतं, हिरवट होतं, पण भुगा होत नाही. बिनमुलाम्याचा पितळी रेझर चिंच-लिंबाने घासून लगेच धुतला तर चालतो. क्रोमवर मात्र चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काहीही नको.

स्टेनलेसला मुलामाच नाही, त्यामुळे सोलण्याचा प्रश्न नाही. 303 मध्ये लेथवर कापायला सोपं जावं म्हणून गंधक असतं आणि त्यामुळे गंजाला विरोध कमी होतो. 316एल मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या हवेला चांगलं तोंड देतं. मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी विक्रेत्याला जात विचारावीच, कारण घनतेवरून ती कळत नाही. स्टेनलेसवर दिसणारे तांबूस डाग पुष्कळदा रेझरचे नसून ओल्या ठेवलेल्या ब्लेडचे असतात.

ॲल्युमिनियम हलकं आणि त्यावरचा ॲनोडाइझ थर (विजेच्या प्रक्रियेने बनवलेला ऑक्साइडचा थर) कडक, पण क्षाराला तो भितो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेला रंगीत रेझर फिका पडू शकतो. टायटेनियम गंजत नाही. आटे मात्र एकमेकांत अडकून बसू शकतात, ते स्वच्छ ठेवा आणि जबरदस्ती करू नका.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढायला “रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा” हा सल्ला स्टेनलेससाठीही जास्तीचा आहे. निम्मं पाणी मिसळून दहा मिनिटं पुरतात. झमॅकसाठी तो मृत्युदंड आहे, कारण मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून आम्ल थेट जस्तापर्यंत जातं. क्रोमच्या रेझरला कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश एवढंच. बाथरूम ॲसिडने धुताना रेझर बाहेर ठेवा, नुसत्या वाफेनेही क्रोम काळवंडतो.

मुलामा उडालेल्या पितळी रेझरवर तो प्लेटिंगवाल्याकडून पुन्हा चढवून घेता येतो. ब्लेड टेकतं त्या कडा पॉलिशच्या चाकावर धरू नका असं त्याला आधीच बजावा. तिथला धातू उतरला की ब्लेडची फट बदलते आणि रेझर त्वचा कापू लागतो. झमॅकच्या टोपीवर तो खर्च करू नका. त्याच आट्यांची नवी टोपी मिळते का पाहा: हल्लीच्या बऱ्याच रेझरना एम5 आटे असतात, म्हणजे 5 मिलिमीटर जाडी आणि 0.8 अंतर. जुन्या अमेरिकन रेझरचे 10-32 आटे जाडीला किंचित बारीक, 4.83 मिलिमीटर असतात, त्यामुळे त्यांच्या मुठीत एम5 चा खिळा घट्ट जातो. दोन वेढ्यांनंतर अडकला तर परत काढा.