पुस्तक न वाचता 'ड्यून' कसा पाह्यचा

राजेहो, 'ड्यून' पिक्चर पाह्याआधी त्याचं पुस्तक नाही वाचलं म्हणून टेन्शन घेऊ नका. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची, चांगली जाडजूड, आणि तिच्यातच मागं शब्दांच्या अर्थाची यादी देल्ली आहे, म्हणजे वाचणारेही अडकतेच. उलट न वाचणाऱ्याचाच एक फायदा आहे, घरातला कोण दगा देणार हे पुस्तक सुरुवातीलेच सांगून टाकते, पिक्चर वेळ येईपर्यंत दाबून ठेवते, तो झटका आपल्यालेच भेटते. म्हणून आधी स्टोरी वाचू नका, यूट्यूबवर 'पूर्ण कहाणी' सांगणारे व्हिडिओ तर उघडूच नका.

स्टोरी सोडा, तिथले नियम तेवढे माहीत पाह्यजे. अराकिस नावाचा ग्रह, नुसतं वाळवंट, पण स्पाइस नावाचा माल फक्त तिथंच निंघते आणि त्याच्याबिगर ताऱ्याताऱ्यांत जहाज चालवता येत नाही. सारी मारामारी त्याच्यासाठीच. दुसरं, एवढ्या पुढच्या काळात कॉम्प्युटर काऊन नाही? तर हजारो वर्षांपहिले विचार करणाऱ्या मशीनवर बंदी आली, आता माणसंच हिशोब करते, म्हणून एका माणसाचे डोळे मधातच पांढरे होते. पिक्चर हे धड सांगतच नाही. तिसरं, बंदुका सोडून चाकूनं काऊन लढून राह्यले, तर अंगावरची शील्ड जोरात आलेली वस्तू अडवते, हळू सरकवलेलं पातं मात्र आत जाते. आणि वाळूतला अजस्र किडा तालात पडणाऱ्या पावलांवर धावून येते, म्हणून वाळवंटातले लोक तसे वेडेवाकडे चालते.

नावं पाठ करत बसू नका बाप्पा. अट्रायडीज आणि हारकोनन ही दोन घराणी आणि वाळवंटातले फ्रेमेन, बस झालं.

पाण्यावर मात्र लक्ष ठेवा. पहिल्या भागात फ्रेमेनांचा एक पुढारी अट्रायडीज घराण्याच्या मुखियासमोर, म्हणजे ड्यूकसमोर, टेबलावर थुंकते, आजूबाजूचे चवताळते, आणि मंग कळते का त्यानं तर मान देल्ला, अंगातलं पाणी समोरच्याले वाह्यलं. (आपल्याकडं खर्रा खाऊन भिंतीवर थुंकणं हा मान नाही, त्याच्यात गोंधळ नको.) त्यांचे सूट घाम आणि मूतही गाळून प्याचं पाणी करते. हे ध्यानात राह्यलं तं कोण कोणासाठी रडते याचं वजन समजते, ते आमच्यासारख्या मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्याले वेगळं सांगा नाही लागत.

आता पाह्याचं कसं. मोबाइलवर दुपारी टिनाखाली अजिबात नको, अर्धा पिक्चर अंधाराचा आहे, काही दिसत नाही. रात्री पाहा, इअरफोन लावून, नेटवर्क लटकत असंल तं आधीच डाउनलोड करून. हिंदीत पाहात असान तरी सबटायटल चालू ठेवा आणि अक्षर मोठं करा, काऊन का फ्रेमेन स्वतःच्याच भाषेत बोलते आणि अट्रायडीज घरातले मायलेक हाताच्या खुणांनीही बोलते. रातच्या लायनीत हरभऱ्याले पाणी देता देता पाह्यतो म्हणाल तं ना धड पाणी होईन ना धड पिक्चर. त्यातल्या पोराले, म्हणजे हिरोले, पडणारी स्वप्नं लय मनावर घेऊ नका, दिसते तसंच सारं घडत नाही. सोबत पुस्तक वाचलेला दोस्त असंल तं त्याले पहिलेच गप राह्याले सांगा.

२०२१ चा पहिला भाग २ तास ३५ मिनिटांचा आणि गोष्ट मधातच सोडते, तं चिडू नका, लगेच दुसऱ्या दिवशी २०२४ चा दुसरा लावा. १९८४ चा डेव्हिड लिंचचा जुना 'ड्यून' बी आहे, सारं एकाच पिक्चरात कोंबलेलं, तो या दोघांच्या नंतर पाहा.