रेमिंग्टन ७६० की ७६००? जुनी-नवी पंप रायफल तोलताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, हा नियम फार जुना. म्हणूनच पुढची मूठ हाताने मागेपुढे करून चालवायची रेमिंग्टनची पंप रायफल तिथे एवढी रुजली. १९५२ ते १९८१ मॉडेल ७६०, त्यानंतर ७६००. आजोबांची ७६० ठेवावी की विकून ७६०० घ्यावी, याचा निर्णय मात्र बऱ्याचदा चुकीच्या कारणावरून होतो.

नेहमीचं कारण म्हणजे बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या पोकळीत) ढकलून ती बंद करणारा भाग. ७६०च्या बोल्टवर १४ बारीक लॉकिंग लग (बोल्ट जागी अडकवणारे दात), ७६००वर ४ मोठे. मोठे म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे अचूक, असं लोक धरून चालतात. अचूकता नळीवर, चेंबरवर आणि दुर्बिणीच्या घट्ट बसणीवर ठरते. चांगली राखलेली ७६० यात मागे पडत नाही. लगांचा फरक खरा नडतो तो सुटे भाग घेताना: एकीचा बोल्ट दुसरीत बसत नाही. बोल्ट बदलला असेल तर हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांमधलं अंतर) बंदूक-कारागिराकडून तपासल्याशिवाय गोळी झाडू नका.

सर्वांत जास्त तक्रार रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकल्याची. दोष लगेच जुन्या मॉडेलवर किंवा एक्स्ट्रॅक्टरवर (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यावर) जातो. पण बोल्ट-ॲक्शनच्या (बोल्ट हाताने उचलून मागे ओढायच्या रायफलच्या) दांडीला पुंगळी सैल करायला जी तरफ मिळते, ती पंपाला मिळत नाही. त्यामुळे चेंबरमधला थोडासा गंज, साचलेला मळ किंवा तेलाचा चिकट थरही पुरतो. दस्ता जमिनीवर आपटून पुंगळी काढणं तर धोक्याचंच. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा, चेंबर ब्रशने घासून कोरडं पुसा आणि उजेडात पाहा. खड्डे दिसले तर काम कारागिराचं. घरी भरलेली काडतुसं वापरत असाल तर पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यातून) काढा; नुसती मान आवळलेली पुंगळी पंपात आत जातानाच अडते.

मूठ थोडी खडखडते म्हणून ७६० नाकारू नका, ७६००ची मूठही खडखडते. तसंच रेमिंग्टनच्याच अर्धस्वयंचलित ७४२ची बदनामी ७६०च्या माथी मारू नका. ७४२ वायूच्या दाबावर चालते, तिचा बोल्ट वेगाने मागेपुढे आदळून आतल्या पट्ट्या झिजवतो. ७६०चा बोल्ट हाताच्या वेगाने चालतो.

वय ओळखायला नळीच्या डाव्या बाजूची अक्षरं बघा. पहिलं अक्षर महिन्याचं: बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, एक्स डिसेंबर. वर्षाचं अक्षर पुढे पुन्हा वापरलं गेलंय आणि नळी बदललेलीही असू शकते, त्यामुळे एवढ्यावर किंमत ठरवू नका.

मॅगझिन दोन्ही मॉडेलांत चालतं, पण काडतुसाची लांबी जुळायला हवी: .३०-०६ आणि .२७०चं एक, .३०८ आणि .२४३चं वेगळं. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा रेमिंग्टनचा जुना कारखाना २०२४मध्ये बंद झाला. त्यामुळे मूळ मॅगझिन नसलेली रायफल स्वस्त वाटली तरी आधी मॅगझिन मिळतंय का ते बघा, मग पैसे द्या.